फोर्थ नदीचा उतार आणि पळसदेवचे आबा

“बाई, शून्य मार्क कशापायी?”

प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये पळसदेवचे आबा काठी टेकून उभे होते. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. मागं त्यांची नात सुरेखा, माझी एस.वाय.ची विद्यार्थिनी. टेबलावर तिचा इंटर्नलचा पेपर. इंटर्नल म्हणजे कॉलेजनंच घ्यायची परीक्षा. मार्क आमच्या हातात. आणि माझं नाक तेव्हा फार वर होतं. बारामतीत इतिहास फक्त मलाच येतो, असा माझा समज होता.

प्रश्न होता: १७४५ च्या स्कॉटलंडच्या बंडात बंडखोर राजपुत्राचं सैन्य फोर्थ नदी कसं ओलांडून गेलं? माझ्या नोट्समध्ये उत्तर होतं, स्टर्लिंगच्या पुलावरून. सुरेखानं लिहिलं होतं, वरच्या अंगाला उतारानं. उतार म्हणजे पायी पार होता येईल अशी नदीतली उथळ जागा. मी लाल शाईनं शेरा मारला होता: ‘कल्पनाविलास नको!’

“हिचा बाप म्हंतोय, नापास झाली तर कॉलेज बंद,” आबा म्हणाले.

“तुला हे कुणी सांगितलं?” मी सुरेखाला दरडावलं.

“मॅडम, नकाशात पुलाशेजारी सरकारचा किल्ला दिसला. मग आबांना विचारलं.”

“आबा, तुम्ही स्कॉटलंड पाहिलंय?”

“न्हाय. पर किल्ल्याच्या तोफंखालनं कळप कोण नेतं व्हय? वर जायाचं, पाणी पसरट आसंल तितं. धरणाच्या आधी आमी भीमा अशीच वलांडायचो. तुमी कंदी नदी पार केली का, बाई?”

“केली की. एसटीनं.”

प्रिन्सिपॉल खोकले. हसू लपवायची त्यांची ती पद्धत. त्यांनी शिपायाला लायब्ररीत पिटाळलं. त्या बंडावरचा मूळ ग्रंथ आला. त्याच्यावरची धूळ मीच झटकली. मागच्या अकरा वर्षांत तो कुणी उघडलाच नव्हता, मीसुद्धा.

पान सापडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुलावर किल्ल्याच्या तोफांचा मारा, म्हणून सैन्य वरच्या बाजूला फ्रू नावाच्या उतारावरून पार. सुरेखाचं वाक्य जसंच्या तसं! मी ग्रंथ मिटला, पुन्हा उघडला. पान तेच. नोट्स मी माझ्या सरांच्या वहीतून उतरवल्या होत्या, सरांनी कुणाच्या ते देव जाणे. अकरा वर्षं, अकरा वर्ग, सगळ्यांना मी त्या पुलावर तोफांच्या तोंडी दिलं होतं. आणि जी एकटी वाचली, तिला शून्य!

“बाई, काय लिवलंय?” आबांनी विचारलं.

मी ग्रंथ प्रिन्सिपॉलांपुढं सरकवला. त्यांनीच मोठ्यानं वाचलं.

शेरा खोडून मी दहापैकी दहा दिले, खाली सही केली. सुरेखा पास झाली. आज ती इंदापूरच्या शाळेत इतिहास शिकवते आणि वर्गात माझी ही फजिती सांगते, असं माझ्या नातीनंच मला ऐकवलं. नात तिच्याच वर्गात आहे.

त्या दिवशी केबिनमधून जाताना आबा म्हणाले, “उन्हाळ्यात या पळसदेवला. धरणाचं पाणी वसरून बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं की आमचा उतार कुठं हुता ते दावतो. लुगडं जरा वर खोचावं लागंल.”

मी खरंच गेले. चिखलात एक चप्पल कायमची गेली. तेव्हापासून पेपर तपासायच्या आधी मी स्वतःच्या नोट्स तपासत आले.