बिनकव्हरची सायकल

मी उमरग्याला मास्तर म्हणून लागलो तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन फार दिवस झाले नव्हते. माझं स्वतःचं शिक्षण उर्दूतून झालेलं, आणि आता मुलांना मराठीतून भूगोल शिकवायचा. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा धडा पाठ करून ठेवावा लागे. त्या काळात दोनच गोष्टींत माझं मन रमायचं. एक सायकल आणि दुसरे सरकारी दवाखान्यातले कंपौंडर.

कंपौंडर माझ्याहून थोडे मोठे. दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवून ते बाहेर आले की अंगाला मिक्श्चरचा वास यायचा. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं हमरस्त्यावरच्या उस्तादांच्या सायकल दुकानात जाऊन बसायचो. उस्ताद दुकानासमोर तरट अंथरायचे आणि त्यावर जुनं सामान मांडायचे. कुणाचा कॅरिअर, कुणाचं मडगार्ड, हैदराबादेहून आलेली एखादी दुहेरी आवाजाची घंटी. ज्याला जे नको ते त्यानं तरटावर ठेवावं आणि हवं ते उचलावं, असाच सगळा व्यवहार. भाव ठरायचा तो बोलाचालीनं. एका पंपाच्या बदल्यात सीट गेली आणि ती सीट न आवडून पुढच्या रविवारी परत आली, असंही व्हायचं.

या दरबारात माझा शब्द चालायचा. चेन किती ताणावी, पुढचं दातेरी चक्कर मोठं असलं तर चढावर काय होतं, फ्रीव्हीलमधल्या बारीक कुत्र्या, म्हणजे आतले खटके, कशा झिजतात, हे सगळे मला विचारायचे. माझी सायकलही बघण्यासारखी होती. चेनवर पूर्ण बंद कव्हर, दोन आरसे, मागे भक्कम कॅरिअर, आणि सगळ्यांत वर माझा डायनामोचा दिवा. बदली होऊन चाललेल्या एका इंजिनिअरसाहेबांकडून मी तो मिळवला होता. कंपौंडरांना संध्याकाळी वस्त्यांवर सुई टोचायला जावं लागे. त्यांनी तो दिवा माझ्याकडे कितीदा मागितला.

“मास्तर, तुमाला रातीला कुठं जायचंय? मला देऊन टाका की.”

“दुसरं काय बी मागा,” मी म्हणायचो. आणि ते हसून सोडून द्यायचे.

मग मलेरिया खात्याचा इन्स्पेक्टर आला. पुण्याकडचा, माझ्याच वयाचा, उंच आणि सावळा. गावोगाव फिरून भिंतींवर औषध मारलं की नाही ते बघायचं आणि तापकऱ्यांच्या बोटाचं रक्त काचेवर घ्यायचं, हे त्याचं काम. तो पहिल्या रविवारी दुकानासमोर उतरला तेव्हा त्याची सायकल बघून आम्ही सगळे हसलोच. चेनला कव्हर नाही, कॅरिअर नाही, आरसा नाही, मागे मडगार्डसुद्धा नाही. पुढच्या चाकाला एक ब्रेक तेवढा होता.

उस्तादांनी मागचं चाक उचलून फिरवलं. चाकाबरोबर पायडलही फिरलं.

“ये तो फिक्स है,” उस्ताद म्हणाले. “फ्रीव्हील किधर गया साहब?”

“काढून टाकलं,” तो म्हणाला. “मागं एकच दाती, हे छोटं दातेरी चक्कर, बसवलीये. चाक फिरलं की पाय फिरणार. पाय थांबवले की सायकल थांबणार. मधे बिघडायला काही ठेवलंच नाही.”

मी म्हटलं, “उतारावर पायाला आराम कसा मिळणार?”

“अहो मास्तर, आराम करायचा तर खाटेवर करावा. पावसाळ्यात काळ्या रानातून जाऊन बघा. तुमच्या त्या कव्हरमधे चिखल बसला की चेन जागची हलणार नाही. माझी चेन मी विहिरीवर धुतो आणि पुढं निघतो.”

सगळे हसले, कंपौंडर सगळ्यांत मोठ्यानं. तो काही चुकीचं बोलला नव्हता. मागच्याच श्रावणात माझी चेन मुळजच्या वाटेवर अशीच अडकली होती आणि मी सायकल खांद्यावर घेऊन आलो होतो. ते कंपौंडरांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी त्याला तिथंच सांगूनही टाकलं.

त्या दिवसापासून तरटावरची मांडणी बदलली. लोक आरसे काढायला लागले, कव्हरं काढायला लागले. कुणी म्हणालं, कॅरिअरनं सायकल जड होते. ज्यांनी ते सामान माझा सल्ला घेऊन बसवलं होतं, तेच मला न विचारता उतरवत होते. इन्स्पेक्टर उकिडवा बसून चक्कराचे दात मोजायचा, चेन बोटानं दाबून बघायचा, आणि भोवती माणसं जमायची. मी बाजूला बाकावर बसून चहा प्यायचो. तो चहा मला गोड लागत नसे.

पण माणसं गेली त्याचं मला एवढं वाटलं नाही. कंपौंडरांचं लागलं.

दोघांची कामं एकाच वाटेवरची. तापाच्या गोळ्या घेऊन कंपौंडर ज्या गावाला जात, तिथंच तो रक्त घ्यायला जाई. बरोबर जायचे, बरोबर यायचे. आम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांना ‘अहो मास्तर’, ‘अहो कंपौंडर’ करत होतो. कुणी सांगितलं असतं तरी माझ्या तोंडून ‘अरे’ निघालं नसतं. आणि एका महिन्यात या दोघांचं अरे-तुरे सुरू झालं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खडूची पुडी घेऊन शाळेकडं निघालो होतो. कंपौंडर रस्त्यापलीकडून ओरडले, “ये, थांब की रे!” मी थांबलो. मागं वळलो तर ते त्याला हाक मारत होते.

घरी बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “मग तुमी बी म्हणा की अरे.”

“तसं न्हवं ते,” मी म्हटलं.

“मग कसं हाय?”

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. ती गालात हसली आणि तवा उतरवला.

मग मी एक ठरवलं. आपणही फिक्स बसवायचं. इन्स्पेक्टरकडं पुण्याहून आणलेली एक जादा दाती होती हे मला माहीत होतं. मी रविवारी त्याला गाठलं.

“देतो की,” तो म्हणाला. “बदल्यात काय?”

मी सायकलीकडं बघितलं. कव्हर त्याला नको होतं, आरसे नको होते. त्यानं डायनामोवर बोट ठेवलं. मी दिव्याची काच बोटानं पुसली. मग म्हटलं, “घ्या.” उस्तादांनी माझ्याकडं जरा आश्चर्यानं बघितलं. त्याच दुपारी त्यांनी माझं फ्रीव्हील काढून दाती बसवली. कव्हर मी स्वतः उतरवलं. सायकल एकदम हाडकुळी दिसायला लागली. मी शाळेपर्यंत चालवून बघितली. पाय थांबत नव्हते आणि त्यात एक गंमत होती, हे खरं. वाटलं, आता रविवारी बोलायला आपल्याकडंही काही आहे.

दोन-तीन दिवसांनी कंपौंडर संध्याकाळी आमच्या दारावरून गेले. माझा दिवा त्यांच्या सायकलीवर लागला होता. चाकाला घासून गुरगुरणारा त्याचा आवाज मी झोपेतही ओळखला असता.

“बगा मास्तर,” ते सायकल थांबवून म्हणाले, “इन्स्पेक्टरनं आणून दिला. काय घेतलं न्हाय बदल्यात. म्हणला, तुला संध्याकाळी फिरावं लागतंय, तुलाच शोभंल. दिलदार माणूस हाय, न्हाय का?”

“हाय की,” मी म्हटलं.

दिवा कुणाचा होता ते त्यांना माहीतच होतं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. मी न दिलेली वस्तू दुसऱ्यानं दिली, एवढंच झालं होतं. पण त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. दिवा माझा आणि उपकार त्याचे. मी तोच दिवा आधीच दिला असता तर, हा विचार मी जवळ येऊ दिला नाही. मी त्या माणसाच्या उंचीचा राग केला, त्याच्या ‘अहो मास्तर’चा राग केला, त्याच्या शुद्ध बोलण्याचाही.

मार्गशीर्षात अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला जायचं ठरलं. सायकलीवर, आम्ही तिघंच. येणेगूर, जळकोट, नळदुर्ग करत पहाटेच निघायचं. बायकोनं दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. थंडी चांगली होती. ज्वारी कमरेला आली होती आणि रस्ता मोकळा, मधूनच सोलापूरकडं जाणारा एखादा ट्रक.

ते दोघं पुढं, मी मागं. मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसत्या हालणाऱ्या माना दिसत होत्या. कंपौंडर काहीतरी सांगायचे, हात वर करून दाखवायचे आणि तो हसायचा. मी जोर करून जवळ गेलो की बोलणं संपलेलं असे. जळकोट मागं पडेपर्यंत ते किती वेळा हसले तेच मी मोजत होतो. दशमी खायला थांबलो तेव्हा दोघं एका फडक्यावर बसले. मी दगडावर बसलो. खरं तर फडक्यावर जागा होती.

नळदुर्गाच्या अलीकडं रस्ता उतरायला लागला. ते दोघं वाऱ्यासारखे निघाले. मला मागं राहायचं नव्हतं. मीही सोडली. वेग आला, पायडलं पायाखाली गरागरा फिरायला लागली. आणि इतक्या वर्षांची सवय! उतार लागला की पाय थांबवायचे. माझे पाय आपोआप थांबले. पायडलानं उजवा पाय असा झटकून दिला की तो हवेत गेला. मग दुसराही सुटला. मी ब्रेक दाबला, सायकल आडवी झाली आणि मी रस्ता सोडून बाभळीच्या काट्यात जाऊन पडलो.

उठायचा प्रयत्न केला तर गुडघा उचलेना. तळहातात काटे शिरले होते. खाली बघितलं तर उतारावर दोन ठिपके लांब चालले होते. त्यांच्यातला एक वळला. मला वाटलं, कंपौंडर आले. चढ चढत, उभ्यानं पायडल मारत जो आला तो इन्स्पेक्टर होता.

त्यानं सायकल टाकली, मला बगलेत धरून बाहेर काढलं आणि माझ्या तळहातातले काटे एकेक करून उपसायला लागला. हात हलका होता त्याचा. रोज लोकांच्या बोटांना सुई लावणारा माणूस.

“मी सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “पहिल्या उताराला मी पण असाच पडलो होतो.”

मी दुसरा तळहात पुढं केला.

थोड्या वेळानं तो मान खाली ठेवूनच म्हणाला, “मास्तर, एक विचारू? तुम्हाला माझा राग का येतो?”

“न्हाय बुवा. राग कशाचा?”

“येतो. कळतं ते. पण खरं सांगू का, राग मला यायला पाहिजे. उमरग्यापासून इथपर्यंत हा कंपौंडर तुमच्याच गोष्टी सांगत होता. मास्तरांनी असं केलं, मास्तर असं म्हणाले, मास्तर सायकल खांद्यावर घेऊन आले. गेल्या चार महिन्यांत दुसरं ऐकलंच नाही मी. या गावात मला त्याच्याशिवाय कुणी नाही. आणि तो माझ्याबरोबर असला तरी असतो तुमच्यापाशीच.”

मी त्याच्याकडं बघितलं. तो विनोद करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण आधी वाटला तो आनंद, आणि तोही असा की गुडघ्याची कळ विसरली.

तेवढ्यात कंपौंडर धापा टाकत आले. त्यांची पिशवी बरोबर होतीच. गुडघा धुऊन पट्टी बांधता बांधता ते मलाच रागावले. “कुणी सांगितलं व्हतं तुमाला फिक्स बसवायला? चांगली सायकल व्हती. नादाला लागून सोंग केलं!” इन्स्पेक्टर बाजूला उभा राहून आपल्या सायकलीची चेन उगाच तपासत होता.

रिकामा ट्रक नेणाऱ्या एकानं माझी सायकल वर टाकली आणि मला अणदूरला सोडलं. ते दोघं मागून आले. तिघांनी भंडारा लावला, देवळाच्या ओवरीत उरलेल्या दशम्या खाल्ल्या. या वेळी आम्ही एकाच फडक्यावर बसलो होतो. तरी कंपौंडरांनी चटणी आधी कुणाच्या पुढं सरकवली ते मी बघितलंच. इन्स्पेक्टरनंही बघितलं. मग आमची नजर एकमेकांना भिडली आणि दोघांनाही हसू आलं. कंपौंडर विचारत राहिले, काय झालं म्हणून. आम्ही कुणीच सांगितलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी इन्स्पेक्टरची बदली लातूरकडं झाली. एस.टी.च्या टपावर त्याची बिनकव्हरची सायकल चढवताना कंपौंडरांचे डोळे भरून आले. ते नंतर दोन-तीन रविवार दुकानावर आलेच नाहीत. मी एकटा तरटासमोर बसून राहिलो, आणि या माणसाला इतकं कसं लागलं, याचं मला पुन्हा लागत राहिलं. उस्तादांनी तोवर माझं फ्रीव्हील परत बसवून दिलं होतं.

पुढं माझीही बदली झाली, सास्तूरला. सामान बैलगाडीत भरलं. बायको पेटीवर बसली. कंपौंडर गाडीच्या बाजूनं सायकलीवरून येत राहिले, बैलांच्या चालीनं, अगदी सावकाश.  आभाळ आलं होतं आणि वारा सुटला होता. फाट्यावर ते उतरले, बायकोला नमस्कार केला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “येत जावा.” मग सायकलीवर बसून वळले.

मी गाडीत मागं तोंड करून बसलो होतो. वाऱ्यानं त्यांचा सदरा फुगला होता. ते मधेच एकदा थांबले, एक पाय जमिनीवर टेकला आणि बाहीनं तोंड पुसलं. धुळीसाठी पुसलं की कशासाठी, ते एवढ्या लांबून दिसेना. मी उठून उभा राहिलो, तरी दिसेना.

“बसा आता,” बायको म्हणाली. “पडाल.”