पूजाचा साखरपुडा आणि माझा सर्व्हर

आमच्या गल्लीचं इंटरनेट एका रविवारी भर दुपारी बंद पडलं. ते मी बंद पाडलं होतं.

हेतू अत्यंत पवित्र होता, हे आधी सांगून ठेवतो. माझ्या भाचीचा, पूजाचा, सुरतेला साखरपुडा होता. आमच्या मायची ही पहिली नात. पण मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिलेला. तिला एकटीला नंदुरबारात ठेवून जाणं शक्यच नव्हतं, म्हणून मी आणि मनीषा, म्हणजे माझी बायको, दोघांनीही जाणं रद्द केलं.  माय दोन दिवस नुसती भिंतीकडे बघत पडून राहिली. मला ते बघवेना. मी तिच्या पलंगाशी बसलो आणि बोलून गेलो, "माय, तू इथे पडल्या पडल्या टीव्हीवर सगळा साखरपुडा बघशील. अगदी समोर बसल्यासारखा! शब्द आहे माझा."

माय म्हणाली, "माले नातनं तोंड दिखनं पाहिजे. बाकी तू काय बी कर."

हे 'काय बी कर' मी जरा जास्तच मनावर घेतलं.

अडचण अशी होती की आमचं घर लांबट. पुढे बैठक, मग माजघर, मग मायची खोली. केबलवाल्या भूषणने इंटरनेटचा डबा बैठकीत लावलेला. त्याची रेंज माजघरापर्यंत लंगडत यायची आणि मायच्या खोलीच्या उंबऱ्यावर प्राण सोडायची.

"बाजारात चांगला राउटर तयार मिळतो. आणा आणि लावा," मनीषा म्हणाली.

कोणताही शहाणा माणूस एवढ्यावर उठून बाजारात गेला असता. पण मी शाळेत भूगोल शिकवतो. (याचा इथे काय संबंध, असं मनीषानेही विचारलं होतं.) शिवाय मी मोबाइलवर काही व्हिडिओ बघितले होते. त्यात एक चष्मेवाला गृहस्थ हसत हसत सांगत होता की जुन्या, टाकाऊ कॉम्प्युटरपासून घरच्या घरी स्वस्तात राउटर बनवता येतो, आणि तोच सर्व्हर म्हणूनही चालतो. एका दगडात दोन पक्षी!

"सर्व्हर कसाले?" मायने विचारलं.

"घरातले सगळे फोटो एका जागी राहतात."

"फोटो तं कपाटमा शेतच ना एक जागे!"

तो मुद्दा तिथेच सोडून मी भंगारवाल्या सलीमभाईंकडे गेलो. त्यांच्या दुकानात बंद पडलेल्या एका सायबर कॅफेचे कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. सलीमभाईंनी एक उचलला, फुंकर मारली, आम्ही दोघे दोन मिनिटं दिसेनासे झालो.

"चालतो ना?" मी विचारलं.

"मास्तर, पंखा फिरस. बाकीनं अल्ला जाणे!"

घरी आणल्यावर कळलं की त्याला चालू करायचं बटणच नाही. तिथे फक्त दोन तारा लोंबत होत्या. त्या एकमेकींना टेकवल्या की मशीन सुरू, पुन्हा जरा वेळ टेकवल्या की बंद. प्रत्येक वेळी तारा कोण टेकवत बसणार? तेव्हा माझ्या डोक्यात ती थोर कल्पना आली. आमच्या घराची बेल कधीच मेली होती. दारावरचं बटण आणि तिथून माजघरापर्यंत आलेली वायर मात्र शाबूत होती. मी बेलची वीज तोडली आणि ती वायर मशीनला जोडली. आता पुढच्या दारावरचं बटण दाबलं की माजघरात सर्व्हर सुरू!

"म्हणजे कोणी आलं तर?" मनीषाने विचारलं.

"रविवारी दुपारी कोण येतंय?" मी म्हणालो.

साखरपुड्याचा रविवार उजाडला. सकाळीच मनीषाने चक्कीवरून वर्षभराचं तिखट दळून आणलं होतं. दळलेलं तिखट गरम असतं, निववावं लागतं, म्हणून तिने ते माजघरात जुन्या साडीवर पसरलं आणि वरून एक पातळ धोतर झाकलं. बाजूच्या स्टुलावर मी माझं यंत्र मांडलं. झाकण नसल्यामुळे त्याची आतडी बाहेर दिसत होती.

माय वॉकर धरून बघायला आली. "हाई काय मांडी ठेवं रे तू? फुटाव तं नही ना?"

"काही होत नाही, माय!"

मशीनला दोन वायरी जोडायच्या होत्या. एक भूषणकडून बाहेरून येणारी, दुसरी मायच्या खोलीतल्या वायफायच्या डबीकडे जाणारी. जोडल्या. दारावर जाऊन बेल दाबली. आत मशीन घरघरलं. दिवे लुकलुकले. मला भरून आलं! मायच्या खोलीत धावत गेलो. टीव्हीवर पाटी: इंटरनेट नाही.

मी सेटिंग तपासत होतो तोच मशीन अचानक बंद पडलं. दारात शेजारचे काशिनाथ आप्पा उभे होते, बोट बेलवर.

"मास्तर, मन्हं नेट बंद पडी गयं. तुमनं चालू शे का?"

"नाही हो आप्पा," मी म्हणालो. त्यांना आत बसवलं. बेल दाबून मशीन पुन्हा चालू केलं. ते सुरू होऊन जेमतेम श्वास घेतंय तोच पुन्हा बंद! समोरचा विलास दारात. बोट बेलवर!

"मास्तर, मॅचनी शेवटनी ओव्हर चालू शे! नेट कोठे गयं?"

मी मशीन चालू करायचो, गल्लीतलं कोणीतरी तक्रार घेऊन यायचं आणि बेल दाबून ते बंद करायचं. शेवटी दार उघडं टाकून मी त्यात पाय रोवून उभा राहिलो. तर पलीकडच्या निर्मलाकाकू माझ्याशी बोलता बोलता, केवळ सवयीने, माझ्या खांद्यावरून हात घालून बेल दाबून मोकळ्या झाल्या!

मशीन पुन्हा चालू केलं, तेवढ्यात भूषणचा फोन. तो गल्लीच्या तोंडाशी खांबावर चढला होता. "मास्तर, तुमच्या गल्लीत कोणीतरी काहीतरी नवीन लावलंय. सगळ्या घरांचे डबे भलत्याच मशीनचं ऐकताहेत. तुमच्याकडे काही केलं का?"

"छे!" मी म्हणालो. (माजघरातून घरघर ऐकू येऊ नये म्हणून खोकलोसुद्धा.)

मनीषा सगळं बघत होती. तिने शांतपणे विचारलं, "अहो, आतली वायर कोणती, बाहेरची कोणती, याची खूण केली होती ना?"

"केली होती."

"काय खूण?"

"दोन्हीला लाल चिकटपट्टी."

तिने माजघराकडे बोट दाखवलं.  मी गुपचूप माजघरात जाऊन वायरींची अदलाबदल केली. झालं होतं असं की मायच्या खोलीच्या वायरीची जागा मी गल्लीकडच्या वायरीला दिली होती, त्यामुळे माझं मशीन अख्ख्या गल्लीचा कारभार हाकायला निघालं होतं, आणि कोणाला द्यायला त्याच्याकडे इंटरनेटचा थेंबही नव्हता!

आणि चमत्कार! व्हिडिओ कॉल लागला आणि मायच्या टीव्हीवर सुरत दिसली. मांडव, झेंडूच्या माळा, हिरव्या साडीत पूजा. माझी ताई, म्हणजे पूजाची आई, लगबगीने इकडून तिकडे. मायने दोन्ही हात जोडले. मग टीव्हीकडे बोटं नेऊन नातीची दृष्ट काढली आणि ती बोटं कानशिलावर कडाकडा मोडली. त्या क्षणी मला वाटलं, सगळं फिटलं.

इथे थांबायला हवं होतं. पण गल्लीतल्या घरांचे डबे भूषण एकेक करून पुन्हा सुरू करत होता, त्याला वेळ लागणार होता, आणि बैठकीत सगळी गल्ली ताटकळत बसलेली. माय आतून ओरडली, "तठे काय बठनात? अठे या! मन्ही नातना साखरपुडा शे!"

सगळे आत आले. पलंगावर, जमिनीवर, दारात, जिथे जागा मिळेल तिथे बसले. मी मोबाइल असा लावला होता की इकडचे आम्ही सगळे तिकडे दिसावेत. ताईने सांगितलं, तिकडे हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर आम्ही दिसतोय. निर्मलाकाकूंनी लगेच पदर सारखा केला. विलासने हळूच विचारलं, "मास्तर, तुमना पासवर्ड काय?" त्याला दिला. मग सगळ्यांनाच द्यावा लागला.

एवढे मोबाइल एकदम जोडले गेल्यावर माझं म्हातारं यंत्र धापा टाकायला लागलं. चित्र अडखळू लागलं. पूजा अंगठी घालायला हात पुढे करायची आणि तशीच थिजायची. माजघरात जाऊन हात लावला तर मशीन तव्यासारखं तापलेलं!

"पूजानी अंगठी! अरे, दिखत नही!" मायचा रडवेला आवाज आला.

विचार करायला वेळ नव्हता. बैठकीतला टेबलफॅन उचलला, मशीनसमोर ठेवला आणि पूर्ण वेगात सोडला.

धोतर उडालं.

पुढचं मी नीट बघू शकलो नाही, कारण माझे डोळे उघडत नव्हते. लाल ढग माजघरातून सरळ मायच्या खोलीत शिरला. आधी आप्पा शिंकले. मग काकू. मग सगळी खोली एका सुरात! डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, तोंडाला पदर, रुमाल, टोप्या, जे हाती लागेल ते. मनीषाने फॅन बंद केला, खिडक्या उघडल्या. आणि मशीन? गार वाऱ्याने ते इतकं खूश झालं होतं की चित्र आरशासारखं स्वच्छ!

म्हणजे सुरतेच्या मोठ्या पडद्यावर, ऐन अंगठीच्या वेळी, माय आणि अख्खी गल्ली ढसाढसा रडताना दिसत होती.

तिकडे सनई थांबली. ताई धावत कॅमेऱ्याजवळ आली. "माय! काय व्हयनं? घरमा कोन गया?"

"कोनी नही गया..." माय शिंकांच्या मधून म्हणाली. "आनंद शे वं, पोरी! आनंद शे!"

माझ्या आईने माझी अब्रू अशी वाचवली. मी पुढे होऊन खरं सांगणार होतो, पण घशातून आवाज निघेना. नुसते हात जोडले आणि डोळे पुसले. तेही पडद्यावर दिसलं.

तेवढ्यात नवऱ्या मुलाचे वडील पुढे आले. मिशीवाला, धिप्पाड माणूस, डोळे पाणावलेले. त्यांनी माइक हातात घेतला. "इतली माया आमी कोठेच देखी नही! पोरना साखरपुडामा आख्खी गल्ली रडस, आन् मामा तं बोलू बी शकत नही! आमनं भाग्य मोठं शे." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पूजाने अंगठी घातली. इकडे माय हसत होती आणि शिंकत होती, आणि तिने आप्पांच्या हाताला धरून पुन्हा पुन्हा विचारलं, "देखी ना मन्ही नात? देखी ना?"

त्यानंतर तयार राउटर घरात आला. कोणी आणला ते विचारू नका, मी शाळेत होतो. सगळ्या गल्लीने खरं काय झालं ते सुरतेपर्यंत पोचू दिलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. अधूनमधून कोणी मला 'केबलवाले मास्तर' म्हणतं, तेवढं सहन करतो.

लग्न पुढे धूमधडाक्यात झालं. तोवर माय काठी टेकत चालू लागली होती, ती पहिल्या रांगेत होती. पाठवणीच्या वेळी पूजा आईच्या गळ्यात पडली, ऐटीत गाडीत बसली आणि तिने हसत हात हलवला. आणि मला, काय झालं कोण जाणे, खरंखुरं रडू कोसळलं! ही पोर माझ्या खांद्यावर बसून जत्रेत फिरलेली. हुंदके आवरेनात. सुरतेचे चार पाहुणे घाबरून धावले, कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची.

तेवढ्यात मागून व्याह्यांचा आवाज आला, "घाबरू नका, घाबरू नका! मामानं असंच राहस."