मिरची उडरी

करोनाची पहिली लाट ओसरली आणि आमचं हैदराबादचं कॉलेज काही आठवड्यांपुरतं उघडलं. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवत होते. पोरं इतक्या महिन्यांनी भेटत होती. त्यांना लांब बसवणं म्हणजे पाण्याला हाताने अडवणं. मास्क हनुवटीवर, एकाच कपात तिघांचा चहा. मी दिवसभर ओरडायचे आणि घरी अंबरपेठला पोचेपर्यंत माझा घसा बसलेला असायचा.

शेवटी आमच्याच वर्गातली एक मुलगी माझ्याकडे आली. आमच्यासारखंच जुन्या हैदराबाद संस्थानातलं मराठी घर. माझ्याशी मराठी बोलायची, पण मराठी वाचताना अडखळायची. नकला मात्र अशा करायची, की ऐकणाऱ्याने मागे वळून बघावं.

"मॅडम, तुम्ही ओरडू नक्को. पोरांना आता ते ऐकूच येत नाही. मला माइक द्या."

प्राचार्यांना मी कसंबसं राजी केलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कॉलेजभर नामपल्ली स्टेशनवरची घोषणा करणारी बाई बोलायला लागली. आधी तेलुगूत, मग हिंदीत, त्याच थंड, एकसुरी आवाजात: नाक उघडं ठेवून कँटीनकडे निघालेली गाडी रद्द करण्यात आली आहे. पोरं हसून लोटपोट झाली आणि हसता हसता त्यांनी मास्क वर ओढले.

मग रोज नवा आवाज. कधी सिटी बसचा कंडक्टर, कधी लग्नातली रुसलेली मावशी. पण सगळ्यात गाजला तो तिच्या वडिलांचा आवाज. त्यांचं बेगम बाजारात मिरची-मसाल्याचं दुकान होतं. पोतं उपसताना ते गिऱ्हाइकांना दखनीत हाक द्यायचे, "मुँह बाँधो मियाँ, मिरची उडरी!" मिरची उडतेय, तोंड बांधा. तीच हाक तिने माइकवरून दिली आणि कॉलेजने ती उचलली. कुणाचा मास्क घसरला की चारी बाजूंनी आवाज यायचा, "मिरची उडरी!" चित्रकला मंडळाच्या पोरांनी फाटकाजवळच्या भिंतीवर लाल रंगात ते वाक्य रंगवलं.

मी एकदा तिखट आणायला त्या दुकानात गेले होते. वडील खूश होते. "माझी फुकटात जाहिरात करते पोरगी," म्हणाले. हे बोलताना त्यांनी रुमाल गळ्यात उतरवला होता. ती आतून ओरडली, "बाबा, तोंड!"

"अगं, तोंड बांधून बोललं तर गिऱ्हाइकाला भाव ऐकू येत नाही," ते म्हणाले, आणि तिचं मन राखायला रुमाल वर घेतला. मी पैसे देऊन वळले तेव्हा तो परत खाली आला होता.

कॉलेज पुन्हा बंद झालं. दुसरी लाट आली ती त्यांच्या घरावरूनच गेली. आधी आईला ताप आला, तो उतरला. मग वडिलांना. मी रोज फोन करायचे. ती सांगायची, बाबा बोलतात, बरे आहेत, ऑनलाइन क्लास बुडवू नको म्हणतात. मग एका दुपारी तिनेच मला फोन केला. तिचे बाबा गेले होते.

"मॅडम, मी अख्ख्या कॉलेजला सांगितलं," ती म्हणाली. "घरातही सांगत होते. रोज सांगत होते हो."

"माहीत आहे बाळा. मी ऐकलंय," मी म्हणाले. भेटायला जाणंही शक्य नव्हतं. ती रडत राहिली आणि मी फोन कानाला लावून बसून राहिले.

पुढे कॉलेज उघडलं. ती आली, वाळलेली, केस आखूड कापलेली. फाटकात पहिल्या वर्षाच्या एका मुलाने तिचा सैल झालेला मास्क बघितला आणि त्याला काहीच ठाऊक नसल्यामुळे हसत ओरडला, "मिरची उडरी!" तिच्या वर्गातली पोरं जागच्या जागी थिजली. एकाने त्या मुलाचा दंड पकडला.

"सोड त्याला," ती म्हणाली. तिने मास्क नीट केला. मग त्या मुलाला हळूच म्हणाली, "आवाज पोटातून काढायचा. मिरचीत उभं राहून गळ्यातून ओरडलं तर ठसका लागतो."

मी प्राचार्यांकडे गेले, भिंत पुसून घ्या म्हणून. ते तयारही झाले. पण तिला कळलं तेव्हा ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "राहू द्या मॅडम. पोरं तोंड तरी झाकतात."

भिंत राहिली. ती मात्र त्यानंतर लायब्ररीकडच्या मागच्या दाराने यायला लागली. तिकडून बसस्टॉप लांब पडतो. संध्याकाळी मीही तिच्याबरोबर त्याच वाटेने जायचे. आम्ही परीक्षेचं बोलायचो, तिच्या आईच्या पथ्याचं बोलायचो. माइकचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. दुकान तिच्या काकांनी चालवायला घेतलं. ती पास झाली आणि एका औषधांच्या कंपनीत लागली. परवा फोनवर बोलता बोलता मी विचारलं, "नकला करतेस का गं अजून?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. "बाबांचा आवाज मला आता काढता येत नाही. खूप दिवस झाले, लागतच नाही."