हरिपूरच्या पेवात जळणारा दिवा

पुणे स्टेशन सुटलं तेव्हा मी हळदीचा व्यापारी होतो आणि शेजारी बसलेली शालिनी माझी बायको. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. स्वातंत्र्य मिळून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आम्ही दोघं सरकारच्या गुप्त खात्यात होतो, आणि एक टोळी येरळा नदीवरचा रेल्वेपूल गुरुवारच्या पुणे गाडीसकट उडवणार असल्याची पक्की खबर होती. गाडी रद्द करावी, तर टोळी दुसरा पूल गाठणार. म्हणून सुरुंगाची दारूच आधी हुडकायची होती. हातात तीन दिवस होते. मला ते भरपूर वाटले. तेव्हा मला स्वतःची अक्कलही भरपूर वाटत असे.

लोणंदला कांद्याच्या पोत्यांबरोबर एक पेन्शनर हवालदार डब्यात चढले. आम्हा दोघांकडे बघत म्हणाले, "पावणं, लगीन नवं दिसतंय?"

"कशावरून?"

"बाई अजून तुमचं बोलणं ऐकून घेतीया न्हवं!"

शालिनी खळखळून हसली. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमच्या माणसाने भाकरी आणि झणझणीत खर्डा (मिरचीचा ठेचा) पुढे ठेवला आणि सांगितलं की माल सांगलीजवळच्या हरिपुरात, एका दलालाच्या पेवात आहे. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. त्या दलालाची पेवं होती पंचवीस-तीस. सगळी उकरत बसलो असतो तर दारू रातोरात हलली असती.

बुधवारी दुपारी टांग्याने चिंचांच्या सावलीतून हरिपूरला पोचलो. दलाल तोंडाचा गोड. त्याने कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत जेवू घातलं. माझी ऐट दाखवायला मी हळकुंड कडकन चावलं आणि पुढचे दोन तास पिवळे दात घेऊन भाव करत फिरलो. शालिनीने पदराआड हसू लपवलं.

कोपऱ्यातल्या एका पेवाजवळ मात्र दलाल घाईने पुढे झाला. "हे होळीपासून बंद आहे. आत विषारी हवा साठलीय. आज तोंड उघडलं तरी उद्या दुपारपर्यंत कोणी उतरायचं नाही." आणि चहा सांगायला तो आत गेला. उद्या दुपारी! गाडी तर सकाळची होती.

"आप्पा," शालिनी म्हाताऱ्या हमालाला म्हणाली, "उतरत नाही मी. नुसतं वरून बघू द्या की."

आप्पाने तोंडावरची माती खरवडली, फरशी सरकवली आणि रीतीप्रमाणे दोरीला कंदील बांधून आत सोडला. दिवा तळाला टेकला. तसाच जळत राहिला.

आप्पाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आवं, ह्ये कसं? बंद पेवात दिवा टिकत न्हाई. कुनीतरी कालपरवाच उघडलंय ह्ये!"

मी कंबरेला दोर बांधला. शालिनीने मनगट धरलं. "पोलिसांना येऊ द्या."

"तोवर दलाल येईल," म्हणून मी उतरलोच. चार पोत्यांखाली दारूच्या तीन लाकडी पेट्या निघाल्या. वर बघितलं तर उजेडाच्या वर्तुळात तिचा चेहरा, पांढराफटक. मी शिट्टी फुंकली. आम्ही आधीच नदीकाठी बसवलेले साध्या वेषातले पोलीस धावत आले आणि दलाल चहाच्या कपबशांसकट पकडला गेला. संध्याकाळपर्यंत त्याचे साथीदारही हाती लागले.

वर आल्यावर मी म्हटलं, "दोराचे वळ उठलेत तुमच्या हातांवर."

"दोर जड होता," ती म्हणाली.

गुरुवारी आम्ही मिरजेहून त्याच गाडीने परत निघालो. येरळेचा पूल आला. समोर एक बाई लेकराची वेणी घालत होती. तिने मानही वर केली नाही. तिला काही ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसावं म्हणूनच आम्ही पगार घेत होतो. मला फार बरं वाटलं.

शालिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काल दिवा विझला असता, तरी तुम्ही उतरला असता."

"हो."

"पुन्हा उतरायचं नाही. मला जिवंत माणूस हवाय घरात."

एवढ्या वर्षांत मला कुठेकुठे धाडणारे पुष्कळ भेटले होते. परत ये म्हणणारी ती पहिलीच.