शर्यत ऐकणारे काका

राहनाळ गावचे ते काका पॉवरलूम दुरुस्त करायचे. रात्रपाळी संपली की सकाळी सायकल आमच्या भिवंडीच्या वाचनालयापाशी टेकवायचे. मी आमच्या घरातला पहिला बी.ए., म्हणून वयाने वडिलांएवढे असूनही मला ‘सर’ म्हणायचे. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांची शर्यत तेव्हा चालू होती. तिची इंग्रजी पेपरातली बातमी ते माझ्याकडून रोज मराठीत ऐकायचे.

रात्रपाळीत काम नसलं की लूमच्या खडखडाटात त्यांना गाढ झोप लागे. एखादा लूम बंद पडला की मात्र लगेच जाग येई. "आवाजानं न्हाय सर, आवाज कमी झाला की मी उठतो," असं हसून सांगत.

एका सोमवारी मी पेपर उघडण्याआधीच ते म्हणाले, "तो फ्रान्सवाला थांबला."

"काका, तो तर तिसरा आहे."

"बोट चालतेय. तो न्हाय."

गुरुवारी बातमी आली. दक्षिणेकडच्या समुद्रात त्याची बोट सापडली होती. शिडं उभारलेली होती, आत कोणी नव्हतं. मोठ्याने वाचायला माझी जीभ रेटेना. तेवढा मजकूर गाळून मी पुढे गेलो.

"राहू द्या सर, मला ठाव हाय," ते शांतपणे म्हणाले. "बाकीच्यांची नावं वाचा."

मी आडनावांच्या अक्षरक्रमाने छापलेल्या यादीतलं एकेक नाव वाचून त्यांच्या चेहऱ्याकडे बघू लागलो. चौथ्या नावाला त्यांनी डोळे मिटले.

पेपरात त्या नावाचा माणूस अजून शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होता.