ओंकारची डावी मान

"सहाव्या लॅपनंतर डोकं माझं राहत नाही, मॅडम. ते आपलं आपण जातं."

"कुठे जातं?"

"बाहेर."

सतरा वर्षांचा ओंकार सुर्वे माझ्या क्लिनिकमध्ये स्टुलावर बसला होता. मागे त्याचे वडील भाऊ सुर्वे हाताची घडी घालून उभे होते. २००५ सालचा जानेवारी होता. मी फिजिओथेरपिस्ट. मोडलेली हाडं मी जोडत नाही. ती दुसऱ्या कुणी जोडून झाली की माणूस पुन्हा कामाला लावणं हे माझं काम. रत्नागिरीत माझ्याकडे येणारे म्हणजे आंब्यावरून पडलेले, स्कूटरवरून पडलेले आणि पडवीत घसरून पडलेले. कुठूनही न पडता फक्त डोकं पडणारा हा पहिलाच.

भाऊ रस्त्याची छोटी कामं घेणारे कंत्राटदार. ओंकार दहा वर्षांचा असताना, म्हणजे ९८ साली, त्यांनी त्याला स्कूटरच्या इंजिनाची एक कार्ट बनवून दिली. कार्ट म्हणजे बिनटपाची, चार छोट्या चाकांची गाडी. बसलं की बूड जमिनीपासून चार बोटं वर. हातखंब्याच्या अलीकडे सुर्व्यांची कलमांची बाग आहे आणि बागेच्या वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. त्या सड्यावर भाऊंनी कामावरून उरलेल्या डांबरात पोरासाठी गोल ट्रॅक केला. इतकं डांबर कसं उरलं हे मी विचारलं नाही.

पोराचा हात चांगला होता. पुणे, कोल्हापूर, कोईमतूर असं करत तो मोठ्या स्पर्धांत पहिल्या तिनांत येऊ लागला. आता एका रेसिंग टीमनं देशभरातून बारा मुलं ट्रायलला बोलावली होती. या वेळी गाडी कार्ट नव्हती, फॉर्म्युला कार होती. एकाच माणसाची, उघडी, लांब नाकाची. बारांतून पाच ठेवले, त्यांत ओंकार होता. आठ आठवड्यांनी या पाच जणांची शेवटची चाचणी, सलग वीस लॅप, म्हणजे ट्रॅकच्या वीस फेऱ्या. त्यातून एकाला टीममध्ये सीट.

"आणि नाही मिळाली तर?" मी विचारलं.

भाऊ म्हणाले, "तर सिव्हिलचा डिप्लोमा. मग माझ्याबरोबर साइटवर. दरवर्षी थोडंच बोलावतात."

 ओंकार जमिनीकडे बघत राहिला. तेव्हाही त्याची मान किंचित उजवीकडे कललेली होती. मला ती दिसली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. ही माझी पहिली चूक.

मानेचं गणित सोपं आहे. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-साडेसहा किलो. गाडी वेगात वळली की हेच वजन दुपटीहून जास्त होऊन वळणाच्या बाहेरच्या बाजूला ओढतं. मानेनं ते दर वळणावर धरून ठेवायचं. मान थकली की डोकं कलतं, डोकं कललं की नजर कलते, आणि मग ड्रायव्हर आपोआप ब्रेकवर पाय ठेवतो. लॅपचा टाइम तिथं जातो.

मी त्याला पुस्तकातले व्यायाम दिले. टॉवेल डोक्याला लावून चारी बाजूंनी ओढायचं आणि मान जागची हलू द्यायची नाही. डावीकडे दहा, उजवीकडे दहा, पुढे-मागे दहा. पोरगा शिस्तीचा होता. सगळं करत होता. दहा दिवसांनी मी विचारलं, "फरक?"

"उजव्या वळणाला एकदम मस्त, मॅडम."

"आणि डाव्या?"

"तिथं आधी जसं जायचं तसंच जातं."

हे त्यानं पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. त्याहून खरं म्हणजे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. मानेची ताकद मोजायचं यंत्र मुंबईत असेल, माझ्याकडे नव्हतं. पण त्या दिवशी बाकावर सुंदरामावशी बसली होती. मावशी मासे विकते. खांदा धरला म्हणून ती महिनाभर येत होती, आणि तिच्या पाटीत हुक लावलेला स्प्रिंगचा काटा असायचा. एका बाजूला हुक, वर कडी, मध्ये किलोचे आकडे.

"मावशी, काटा दे गं जरा."

"कशाला गो बाय? हितं काय मावरं तोलतंस?"

"ह्याची मान तोलायची आहे."

मावशीनं ओंकारकडे खालून वर बघितलं. "मुंडी वाट्याला लावून इकतंस काय?"

ओंकारच्या डोक्याला जाड कापडी पट्टा बांधला. कानाजवळ हुक अडकवला. तो ताठ बसला आणि मी काटा बाजूला हळूहळू ओढत गेले. डोकं कलायला लागलं की थांबायचं आणि आकडा वाचायचा. उजव्या बाजूची ताकद आली चौदा किलो. डावीची नऊ.

मी पुन्हा मोजलं. चौदा आणि नऊ.

तुलनेला कुणीतरी हवं म्हणून मावशीलाच बसवलं. दुसऱ्या बाजूनं ओढायला ओंकारला सांगितलं. दोन्हीकडे सतरा. ओढायचं मीच थांबवलं, तिची मान हलली नव्हती.

"आनि ह्याला शर्यतीला धाडतात?" मावशी पट्टा सोडत म्हणाली. "माजी पाटी घेऊन जेटीवरनं बाजारापरत ये म्हनावं. मग बसूदे मोटारीत."

ओंकार लाल झाला, पण हसला.

आता प्रश्न असा, की एका माणसाच्या मानेत एवढा फरक येतो कुठून? तो डावखुरा नव्हता. कधी पडला नव्हता. झोपायचा पालथा. खांद्यावर दप्तर कधीचं सुटलं होतं.

"प्रॅक्टिस कुठे करतोस?"

"आमच्या सड्यावर. रोज संध्याकाळी."

"उद्या मी येते."

सड्यावर गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. खाली कलमं मोहरलेली, वर काळा कातळ आणि त्यावर डांबराचं एक लांबट कडं. ओंकारनं कार्ट काढली आणि सहा चकरा मारल्या. मी बघत होते. उजवीकडे वळतो, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे.

"आता उलटा फिर," मी ओरडले.

तो थांबला. वडिलांकडे बघायला लागला.

"उलटं नाही चालत, मॅडम," भाऊ म्हणाले.

"का? वन-वे आहे?"

भाऊंनी चप्पल काढली आणि कड्याच्या मधोमध हात जोडले. तिथं कमरेएवढी एक घुमटी होती. आत शेंदूर लावलेला दगड, पुढे नारळाची करवंटी. राखणदार. सड्याचा आणि बागेचा रखवाला. सपाट जागा तेवढीच, म्हणून ट्रॅक त्याच्याभोवती फिरवलेला. आणि देवाभोवती फिरायचं तर उजवी घालूनच, म्हणजे देव उजव्या हाताला ठेवून.

"पहिल्याच आठवड्यात हा एकदा उलटा गेला होता," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "अ‍ॅक्सल तुटला."

"स्कूटरचा अ‍ॅक्सल कार्टला लावलात तर तुटणारच, भाऊ."

"ते पण खरं. पण नंतर आम्ही विषाची परीक्षा बघितली नाही."

मी मनात हिशेब केला. सात वर्षं, रोज पन्नास-साठ चकरा. एवढ्या प्रदक्षिणा गावच्या गुरवानंही घातल्या नसतील. गाडी उजवीकडे वळली की डोकं डावीकडे फेकलं जातं आणि ते धरतात मानेचे उजवे स्नायू. सात वर्षं पोरानं तेवढेच कमावले होते; मान उजवीकडे कललेली दिसायची ती त्यामुळेच. बाहेरचे बहुतेक ट्रॅकही घड्याळाच्या दिशेनंच फिरतात, म्हणून कार्टिंगमध्ये ते कुणाला कळलं नाही. चार-दोन डावी वळणं असायची, ती निभावून जायची.

"ओंकार, शेवटची चाचणी कुठल्या दिशेनं आहे?"

"रिव्हर्स. मागच्या वेळसारखीच. कुणाला सवयीचा फायदा नको म्हणून ते ट्रॅक उलटा चालवतात."

म्हणजे वीस लॅप, सगळी मोठी वळणं डावीकडे. आणि हातात साडेसहा आठवडे.

"भाऊ, ह्याला रोज डावीकडे वळायला हवं. नुसत्या टॉवेलनं हे भागणार नाही."

भाऊ घुमटीकडे वळले. म्हणाले, "गुरवकाकांना विचारू. ते कौल लावतील."

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव देवाला कळ्या लावतो, प्रश्न सांगतो. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असं विचारलं जातं.  पेशंटच्या घरच्या देवाशी भांडून कुणाची मान सुधारत नाही. पण उत्तर 'नाही' आलं तर काय, या विचारानं माझ्याच मानेला रग लागली.

दुसऱ्या दिवशी गुरवकाका आले. सत्तरीचे, सडसडीत, खांद्यावर पंचा. भाऊंनी सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि खाली बसून विडी काढली.

"म्हंजे मी द्येवाला काय विचारू? तुज्याभोवती उलटं फिरू काय, असं?"

"हो."

"मी नाय विचारायचा. तो व्हय म्हनाला तर माजी पंचाइत."

"मग आता करायचं काय, काका?" भाऊ रडकुंडीला आले.

काकांनी विडीनं हवेत एक गोल काढला. मग त्या गोलाच्या मधून आडवी रेघ मारली. "कंत्राटदार कोन? तू का मी? घुमटीच्या अलीकडनं आडवा रस्ता काढ. म्हंजे ह्यो अर्धा गोल येगळा झाला. द्येव त्याच्या भायेर. मग त्या अर्ध्यात पोरगा उलटा फिरंल, सुलटा फिरंल, फुगडी घालंल. द्येवाचा काय संबंध?"

 मग काका घुमटीकडे बघून म्हणाले, "सात वर्सं मधी बसून त्यालापन चक्कर आली आसंल."

भाऊंनी दोन दिवसांत आडवा रस्ता टाकला. रोलर आणला, डांबर आणलं. पुन्हा उरलेलंच. अर्धा ट्रॅक लहान होता आणि वळणं आवळ, पण मला तेच हवं होतं. ओंकार रोज संध्याकाळी डावीकडे वळायला लागला. पहिल्या दिवशी वीस चकरांनंतर तो कार्टमधून उतरला तो डोकं हातात धरून. मी चकरा बारावर आणल्या आणि दर चार दिवसांनी दोन वाढवल्या.

हेल्मेटचं वजन वाढवायची युक्ती मावशीची. जाळ्याला खाली बुडण्यासाठी शिशाचे मणी ओवतात, त्यांची एक माळ तिनं आणून दिली. ती मी कापडी पट्टीत शिवून हेल्मेटच्या उजव्या अंगाला बांधली. थोडे मणी, मग थोडे जास्त. ते घालून तो घरात बसून पुस्तक वाचायचा. मावशीनं आपला काटाही माझ्याकडे ठेवला. "दुसरा हाय माज्याकडं. पन पोरगा जिकला तर सांग."

दर शनिवारी मोजणी. डावी बाजू नऊवरून दहा, साडेअकरा, साडेबारा. शेवटच्या शनिवारी दोन्हीकडे पंधरा. मी आकडा वहीत लिहिला, त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हटलं, "जा. मान तयार आहे."

चाचणी शिमग्याच्या दिवसांत आली. घरी पालखी यायची म्हणून भाऊ रत्नागिरीत, पोरगा चाचणीसाठी एकटाच दक्षिणेत गेलेला. त्या दुपारी मी एका आजींचा गुडघा वाकवत होते. फोन वाजला.

"मॅडम, मान राहिली."

"किती लॅप?"

"वीसच्या वीस. शेवटचा लॅप सगळ्यांत फास्ट."

"आणि सीट?"

"ती पण मिळाली."

"मग हे आधी सांग ना, मेल्या!"

आजी म्हणाल्या, "माझा पाय सोड आधी."

पुढे ओंकार दोन वर्षं इथं फॉर्म्युला गाड्या चालवत होता. मग युरोपात गेला. तिथल्या टीमनं त्याला अशा गाडीत बसवलं, जिची नुसती किंमत ऐकून भाऊ खुर्चीत बसले. तिथल्या फिजिओनं त्याची मान यंत्रावर मोजली आणि विचारलं, दोन्ही बाजू एवढ्या सारख्या कशा? इतरांच्या नसतात. ओंकारनं त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. घुमटी आणि शिशाचे मणी इंग्रजीत सांगणं सोपं नसावं. सुट्टीत आला की तो सड्यावर जातो आणि राखणदाराभोवती एक फेरी घालतो. चालत, उजवी घालून.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण चाचणीच्या त्या शिमग्यानंतर आठ दिवसांनी सुंदरामावशी क्लिनिकमध्ये आली, ती खांदा दाखवायला नाही. ओंकारची बातमी सांगताना मी परत केलेला काटा तिनं माझ्या टेबलावर आपटला.

"ह्यो काय केलंस गो? सुरमई घरी न्हेऊन तोलतात नि परत भांडायला येतात! खोटं मापतंस म्हनतात मना!"

मी काटा उचलला. हुकाला काहीही नव्हतं, तरी खूण दीड किलोवर होती. आठवडेच्या आठवडे ओढून स्प्रिंग ताणली गेली होती. रिकामा काटा शून्यावर आहे का हे आधी बघायचं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी पहिल्या मोजणीला बघितलं होतं. नंतर नाही.

म्हणजे ज्या मानेला मी पंधरा किलोची म्हणून पाठवलं, ती फार तर साडेतेराची होती. चाचणीत टिकली, हे तिचं नशीब आणि माझंही. दोन्ही बाजूंचा आकडा त्याच काट्यानं सारखाच चुकला होता, म्हणून डोकं तेवढं सरळ राहिलं.

मावशीला त्याच दिवशी नवा काटा आणून दिला. जुना माझ्या कपाटाच्या दारावर हुकाला टांगलेला आहे. नवीन पेशंट आला की तो आधी मला दिसतो. मग मी म्हणते, दुखतं कुठे हे नंतर सांगा. दिवसभर काय करता, आणि कुठल्या बाजूनं करता?

ओंकारला साडेतेराचं अजून सांगितलेलं नाही.