दादानं बसवलेला शॉवर

नळाचं काम करणाऱ्याच्या घरी दोन गोष्टी साठतात, पाईपचे तुकडे आणि किस्से. तुकडे भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? आमच्यात ते सांगायचं काम दादाचं होतं. मुकुंदवाडीत कुणालाही विचारा, बाळू प्लंबर म्हणजे माझा मोठा भाऊ. मी सातवीत शाळा सोडली आणि त्याच्यासोबत कामाला लागलो, आजही तेच करतो. चार महिन्यांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून दादा स्वतःच्या पायानं रिक्षात जाऊन बसला, तो परत आला नाही. अजून फोन वाजला की मी आधी त्यालाच हाक मारतो. असो. आता मीच सांगतो, त्याच्याएवढं जमणार नाही.

*

दहाव्याला त्याची गिऱ्हाइकं इतकी आली की मंडप पुरला नाही. एक काकू माझा हात धरून लई रडल्या. मीही रडलो. मग पदरानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आता आमच्या गिझरच्या नळाचं कसं रे? अर्धंच काम करून गेलाय तो."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन मी तो नळ बसवला. आट्यांवर दादानं पांढरी टेप निम्मी गुंडाळून ठेवली होती. मी तिथूनच पुढं गुंडाळली.

*

दादाचा एक नियम होता. नळ खोलायच्या आधी गच्चीवरच्या टाकीचा वॉल बंद करायचा, आणि त्याच्याही आधी घरात कुणी अंघोळीला गेलंय का ते विचारायचं. मला विचारायचा कंटाळा.

गुलमंडीवर एका कापडवाल्या शेठच्या घरी मी सरळ वर जाऊन वॉल फिरवला. पाचच मिनिटांत शेठ टॉवेलवर गच्चीत आले. डोक्यापासून पायापर्यंत साबण, डोळे गच्च मिटलेले, भिंत चाचपडत. "कुणी केलं हे?" म्हणाले. मी टाकीमागं.

दादा अगदी शांतपणे म्हणाला, "शेठ, वॉल लई भारी आहे तुमचा. बंद केला की थेंब येत नाय. तेवढंच बघत होतो."

शेठ "अच्छा, अच्छा" म्हणत तसेच चाचपडत खाली गेले.

*

दादा जुना वायसर लवकर टाकून देत नसे. नळाच्या आतली ती रबराची चकती एका बाजूनं झिजली की दादा ती उलटी करून बसवायचा. नळ आणखी वर्षभर गप्प.

एका रिटायर गुरुजींना हे पटेना. "नवीनच टाक, असला भिकारचोटपणा माझ्या घरात नको," म्हणाले. दादानं त्यांच्या शर्टाकडं बघितलं. "गुरुजी, कॉलर उलटी करून घेतलीय वाटतं. टेलर चांगला आहे तुमचा."

गुरुजींनी कॉलरला हात लावला आणि आत जाऊन चहा ठेवायला सांगितला.

*

हा किस्सा माझा. दोन वर्षं झाली असतील. माझी एक निळी चप्पल दारातून गायब झाली. एकच, उजवी. समोरच्या सानपकाकांच्या मोत्याशिवाय हे कुणी करणार नाही अशी माझी खात्री. मी डाव्या पायातली चप्पल हातात घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. काका भडकले. "माझं कुत्रं चपाती बी वास घेऊन खातं, तुझी चप्पल कशाला खाईल?"

प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा दादा मधे पडला. तोंड असं गंभीर, जणू पंचच. म्हणाला, "कुत्र्याला रबर पचत नाय. दोन दिवस बांधून ठेवा, कळंल."

मोत्याला दोन दिवस बांधून ठेवलं. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन तपासणी करायचो. काही निघालं नाही. काका वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

आता शॉवर. एका बंगल्यात काढून टाकलेला पितळी शॉवर दादानं वहिनीसाठी हौसेनं आणून बसवला होता. दादा गेला आणि पंधरा दिवसांत शॉवर टपकायला लागला. बंद केला तरी टप, टप. आमच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा येतं, त्यात हे. वहिनीनं खाली बादली ठेवली. दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही, असं तिनं सांगितलं. आणि मला हात लावता येईना. सगळ्या मुकुंदवाडीचे नळ दुरुस्त करत होतो, आणि घरी आलो की बादली ओतत होतो. दादानं शेवटचा फिरवलेला आटा मी कसा काय खोलू?

मधे देवगाव रंगारीहून मामा आले. त्यांनी शेतातल्या मोटारीवर करतात तो इलाज केला. शॉवरच्या तोंडाला सायकलची ट्यूब आवळून बांधली. सकाळी शॉवर दवाखान्यातून सुटल्यासारखा दिसत होता आणि पाणी भिंतीतून येत होतं.

मामा म्हणाले, "शॉवर थांबला का नाय, ते सांग."

*

परवा टाकी कोरडी झाली. पाणी यायला अजून तीन दिवस. वहिनीनं दादाचा पाना आणून माझ्या हातात दिला. वॉल बंद करायचाही प्रश्न नव्हता, टाकीतच काही नव्हतं. दुरुस्तीनंतर तपासायला पाणी हवं म्हणून सानपकाका आपल्या टाकीतली एक बादली घेऊन आले. मागं मोत्या.

मी शॉवर चालू-बंद करायचा कॉक खोलला. आतला दांडा बाहेर काढला. त्याच्या टोकाला वायसर होता, कात्रीनं कापलेला, कडा वाकड्यातिकड्या. निळा. एका बाजूला चपलेच्या तळव्याची नक्षी.

मी तो काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी उलटसुलट करून बघितला, मग मोत्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडं.

"दोन दिवस बांधला रे माझा कुत्रा," काका म्हणाले.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "हे मला म्हणले होते, चपलेचं त्याला सांगू नको." मग काकांच्या तळहाताकडं बघून तिनं मला विचारलं, "पुरता झिजलाय हा. नवीन नाय का तुझ्याकडं?"

पिशवीत अख्खं पाकीट होतं.

"नाय," म्हणालो, आणि तोच उलटा करून बसवला.